डोळे उघडे, अंग बंद

झोप लागताना किंवा जाग येताना भान असतं, पण अंग काही काळ लुळं पडतं, याला ‘स्लीप पॅरालिसिस’ म्हणतात. पहिल्या खेपेला हा शब्द कुणाच्याही मनात येत नाही. दोनच विचार येतात. एक तर आपण मरतोय, नाहीतर खोलीत कुणीतरी शिरलंय. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाही फारसा फरक पडत नाही, कारण बऱ्याच जणांना हा प्रकार महिनोनमहिने अंतर ठेवून होतो आणि मधल्या काळात त्याची धार बोथट झालेली असते. ज्याला तो वारंवार होतो त्याला मात्र त्याचा क्रम पाठ होतो. क्रम पाठ झाला की निम्मं काम झालं, म्हणून आधी तोच.

जाग येते. पहिली फसगत इथेच होते. डोळे उघडे असतात आणि खोली जशीच्या तशी दिसते : कपाट, खुंटीवरचा शर्ट, दाराची फट. आपण पूर्ण जागे आहोत याबद्दल शंकेला जागाच उरत नाही. मग कूस बदलायला जावं, तर काहीच होत नाही. मुंग्या आलेला पाय निराळा. तो निदान जड का होईना, पण सरकतो. इथे हुकूम सुटतो आणि पोचतच नाही. ओरडावं म्हटलं तर घशातून फार तर दबका हुंकार निघतो आणि शेजारी झोपलेल्याला तो घोरण्यासारखा ऐकू येतो.

काही सेकंदांत चाहूल लागते. अजून काही दिसलेलं नसतं, पण कुणीतरी आहे हे पक्कं कळतं. ते बहुधा नजरेच्या कडेला असतं, दाराशी किंवा पायथ्याशी, आणि त्याचा हेतू वाईट आहे हेही कुणी न सांगता कळलेलं असतं. मग आवाज येतात : पावलं, कुजबुज, कानात भुंगा शिरल्यासारखी गुणगुण. आकृती दिसलीच तर ती काळी आणि बाह्यरेषेपुरती. चेहरा नीट दिसला असं सांगणारे त्यामानाने थोडे.

मग छाती. कुणीतरी गुडघे रोवून बसल्यासारखं वजन, कधी गळ्याशी हात, आणि श्वास पुरत नाही ही खात्री. काहींच्या वाट्याला हा भाग येतच नाही. त्यांना आपण तरंगतोय, गादीतून खाली खेचले जातोय किंवा छताजवळून स्वतःकडे बघतोय असं वाटतं. कॅनडातल्या संशोधकांनी १९९९ मध्ये या सगळ्या अनुभवांचे तीन गट पाडले : घुसखोर, छातीवर बसणारा आणि तरंगणं-उडणं. पहिले दोन बहुतेक वेळा जोडीने येतात आणि भीतीत बुडालेले असतात. तिसरा बराचसा वेगळा राहतो आणि त्यात कधी कधी चक्क आनंदही असतो. ज्याला हा तिसरा प्रकार होतो तो भुताची गोष्ट सांगत नाही, आत्मा देहाबाहेर गेल्याची सांगतो.

शेवट एकदम होतो. एखादं बोट हलतं, कुणाचा स्पर्श होतो किंवा बाहेर काही वाजतं, आणि सगळं अंग एका झटक्यात परत मिळतं. आकृतीही त्याच क्षणी जाते. हे सगळं काही सेकंद ते काही मिनिटं चालतं. आतून मात्र ते कितीतरी लांबलेलं वाटतं, त्यामुळे ‘अर्धा तास पडून होतो’ असं कुणी म्हटलं तर तो खोटं बोलतोय असं समजू नये.

आता हे का होतं ते पाहू. रात्रभर झोप एकाच जातीची नसते. साधारण ९० मिनिटांचं एक आवर्तन असतं आणि त्याच्या शेवटी रेम झोप येते, म्हणजे डोळे पापणीआड भराभर हलतात ती झोप. शिकागो विद्यापीठातल्या यूजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये तिची नोंद प्रसिद्ध केली. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं मुख्यतः याच झोपेत पडतात. स्वप्नात आपण धावतो, मारामारी करतो, तरी अंथरुणातून पडत नाही, कारण मेंदूच्या बुंध्याकडून मणक्यातल्या चेतापेशींना थांबण्याचा निरोप गेलेला असतो. ग्लायसिन आणि गाबा ही दोन रसायनं तो निरोप पोचवतात आणि हातापायांचे स्नायू लुळे पडतात. हा ब्रेक ज्यांच्यात बिघडतो ते झोपेत खरोखरच लाथा झाडतात. तो वेगळाच आजार आहे. स्लीप पॅरालिसिसमध्ये ब्रेक उत्तम चालू असतो. फक्त जाग आधी येते आणि ब्रेक मागून सुटतो. मधली फट म्हणजे हा सगळा प्रकार.

या ब्रेकमधून दोन ठिकाणं सुटलेली असतात : डोळे हलवणारे स्नायू आणि श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू. डोळे फिरवता येतात ते म्हणूनच, आणि श्वास बंद पडत नाही तोही म्हणूनच. छातीवरच्या वजनाचा उलगडाही यातूनच होतो. बरगड्यांमधले स्नायू ढिले असतात. श्वास एकट्या श्वासपटलावर चाललेला असतो, उथळ आणि कमीजास्त लयीचा. तो पुरेसा असतो, पण आपल्या ताब्यात नसतो. घाबरलेला माणूस खोल श्वास ओढायला जातो आणि छाती उचललीच जात नाही. ‘मी ओढतोय, तरी छाती वर येत नाही’ याचा मेंदूला सुचणारा सर्वांत सोपा अर्थ म्हणजे वर कुणीतरी बसलंय. म्हणजे वजन जाणवतं ते बव्हंशी ओढण्याच्या प्रयत्नातून. ही एक गोष्ट आधी माहीत असली तर त्या क्षणी तिचा जेवढा उपयोग होतो तेवढा दुसऱ्या कशाचाच होत नाही.

चाहुलीचं स्पष्टीकरण इतकं पक्कं नाही, पण एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी, अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वी तपासणी चालू असलेल्या एका तरुणीच्या मेंदूला डाव्या कानाच्या वरच्या-मागच्या भागात सौम्य विद्युत्‌प्रवाह दिला. प्रवाह चालू झाला की तिला आपल्या पाठीशी सावलीसारखं माणूस जाणवे. ती निजलेली असली तर ते निजलेलं असे. ती उठून गुडघ्यांना मिठी मारून बसली तेव्हा त्याने तिला मिठी मारलेली होती, आणि तो स्पर्श तिला नकोसा वाटला. मेंदूचा हा भाग ‘माझं शरीर इथे आहे’ हा हिशेब ठेवणाऱ्या जाळ्यातला आहे. हिशेब चुकला की आपलंच शरीर दुसऱ्याचं म्हणून जाणवू लागतं. स्लीप पॅरालिसिसमध्येही असंच काही होत असावं असा तर्क आहे. त्याच वेळी धोक्याची घंटा वाजवणारा भाग जोरात असतो. मग येणारा कुणी पाहुणा थोडाच वाटणार!

हा अनुभव जुना आहे, आणि नावांची यादी पाहिली तरी तो एकच आहे हे लक्षात येतं. ग्रीक त्याला एफिआल्टिस म्हणत, म्हणजे झेप घालणारा. लॅटिनमधला इन्क्युबस म्हणजे वर पडून राहणारा. तुर्कीत काराबासान, काळं काहीतरी येऊन दाबतं ते. जपानीत कानाशिबारी, धातूने जखडणं. इंग्रजी ‘नाइटमेअर’मधली मेअर ही घोडी नाही, झोपलेल्याच्या छातीवर बसणारी मारा आहे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी येते. ब्राझीलमधली पिसादेरा म्हणजे तुडवणारी : लांब नखांची म्हातारी, छपरावर दबा धरून बसते आणि पोटभर जेवून उताणं झोपलेल्याच्या छातीवर उतरते. यातलं ‘उताणं’ लक्षात ठेवा. उताणं झोपल्यावर हा प्रकार जास्त होतो असं आजचे अभ्यासही सांगतात. म्हातारीची गोष्ट रचणाऱ्यांनी निरीक्षण अचूक केलं होतं, फक्त कारण वेगळं लावलं होतं.

डॉक्टरांच्या नोंदीही जुन्या आहेत. डच वैद्य इस्ब्रांड फान डीमरब्रूक यांनी १६६४ मध्ये पन्नाशीतल्या एका बाईची हकीकत लिहिली. रात्री झोप लागताना कधी सैतान अंगावर पडून आपल्याला दाबून धरतोय, तर कधी मोठा कुत्रा किंवा चोर छातीवर बसलाय असं तिला वाटे. एकाच बाईला सैतान, कुत्रा आणि चोर असे तिन्ही दिसतात, यातच पुष्कळ काही आलं. दाब तोच, भाडेकरू बदलतात. ‘स्लीप पॅरालिसिस’ हे नाव मात्र बरंच उशिरा, १९२८ मध्ये, लंडनमधले मज्जातज्ज्ञ किनिअर विल्सन यांनी दिलं.

किती जणांना होतं? २०११ मध्ये ३५ अभ्यासांतली, ३६ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. सर्वसाधारण लोकांपैकी ७.६ टक्क्यांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेला होता. विद्यार्थ्यांमध्ये हा आकडा २८.३ टक्के निघाला. अवेळी झोपणं आणि अपुरी झोप ज्यांच्या पाचवीला पुजलेली, त्यांच्यात तो एवढा वर जावा यात नवल नाही.

प्रकार चालू असताना काय करावं, याबद्दल सल्ले भरपूर मिळतात आणि बरेचसे एकमेकांच्या विरोधात असतात. माझ्या मते काय करू नये हे आधी ठरवावं. सगळी ताकद लावून उठायचा प्रयत्न करू नये. ब्रेक ताकदीने सुटत नाही, आणि प्रत्येक फसलेला धक्का भीती वाढवतो. खोल श्वास ओढू नये, कारण वर सांगितलं तसं वजन त्यातूनच जन्मतं. आकृतीकडे टक लावून ती नक्की काय आहे हे शोधू नये. नजर जितकी तिच्यावर, तितका मेंदू तपशील भरत जातो.

करायचं ते याच्या उलट. बालंद जलाल या संशोधकांनी चार पायऱ्यांची एक पद्धत मांडली आहे. आजवर सुचवल्या गेलेल्या उपायांपैकी मला ती सर्वांत शहाणी वाटते. डोळे मिटलेले ठेवायचे आणि शांत राहायचं, ही तिची पूर्वअट. पहिली पायरी, अर्थ बदलणं : हे नेहमीचंच आहे, यात धोका नाही, थोड्या वेळात आपोआप जाईल, असं स्वतःला सांगायचं. दुसरी, अंतर ठेवणं : धोका नाही, मग घाबरायचं कशाला, घाबरलो तर लांबेल. तिसरी, लक्ष आत वळवणं. भावनेने भरलेली एखादी चांगली गोष्ट निवडायची, प्रिय माणसाचा चेहरा किंवा देवाचं नाव, आणि सगळं लक्ष तिच्यावर धरायचं. बाहेर काही दिसलं, ऐकू आलं तरी परत तिथेच यायचं. चौथी, अंग सैल सोडणं : श्वासाला हात लावायचा नाही, हालचालीचा प्रयत्न करायचा नाही. तिसरी आणि चौथी एकत्र चालतात.

ही पद्धत फसते ती एकाच कारणाने : लोक ती वाचतात आणि वेळ येईल तेव्हा आठवेल असं धरून चालतात. ती आठवत नाही. छातीवर भार असताना नवीन काही सुचत नाही, जे घोटलेलं असतं तेवढंच वर येतं. म्हणून जागेपणी, दिवसा, उताणं पडून तालीम करावी लागते. आठवड्यातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं. तालमीत सगळा प्रकार मुद्दाम कल्पनेत आणायचा, दाराशी तो उभा आहे इथपासून, आणि मग चारही पायऱ्या क्रमाने करायच्या. तिसऱ्या पायरीची वस्तू आधीच ठरलेली असावी. त्या क्षणी निवड करत बसायला फुरसत नसते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत या पद्धतीने प्रकार होण्याचे दिवस सुमारे निम्म्याने घटले. पण ती चाचणी नार्कोलेप्सीच्या, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजाराच्या, अवघ्या दहा रुग्णांवर होती आणि त्यांतल्या सहांनाच ही पद्धत शिकवली होती. आकड्याला तेवढंच वजन द्यावं.

आणि पायाचं बोट हलवून पाहा, हा नेहमीचा सल्ला? अनेक जण त्यानेच सुटतात. अंगठा, करंगळी, जिभेचं टोक, डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवणं, यांतलं काही ना काही कुणाला तरी लागू पडतं. माझा आक्षेप उपायावर नाही, तो ज्या पद्धतीने केला जातो तिच्यावर आहे. एकदा हलकेच करून पाहावं. हललं तर ठीक, नाही हललं तर सोडून द्यावं. दहाव्यांदा बोट हलवू पाहणारा माणूस सगळी ताकद लावून उठू पाहणाऱ्याच्याच रांगेत जाऊन बसलेला असतो.

शेजारी कुणी झोपत असेल तर आधी सांगून ठेवावं. स्पर्शाने किंवा नावाने हाक मारल्याने हा प्रकार मोडतो. आपण भराभरा नाकाने श्वास सोडायला लागलो किंवा हुंकार दिला तर हलवून उठव, एवढा करार पुरेसा आहे. झोपलेल्या माणसाला हलवू नये अशी एक समजूत आहे. इथे हलवण्याने काही बिघडत नाही.

सुटल्यावरची चूक सर्रास होते. हायसं वाटून माणूस तसाच, त्याच कुशीवर परत डोळे मिटतो आणि पाच मिनिटांत तोच प्रकार पुन्हा. रेम झोपेच्या उंबरठ्यावरून तो हललेलाच नसतो. उठून बसावं, पाय जमिनीला लावावेत, दिवा लावावा, घोटभर पाणी प्यावं, जमल्यास वहीत दोन ओळी लिहाव्यात. मग कुशीवर झोपावं. मोबाइल मात्र हातात घेऊ नये. त्या वेळी शोधलेला ‘सावलीचा माणूस’ उरलेली रात्र खातो.

वही खरंच ठेवावी, निदान दोन आठवडे. झोपायची आणि उठायची वेळ, दुपारची झोप, दारू, नवीन सुरू केलेलं किंवा बंद केलेलं औषध, प्रकार झाला तेव्हाची वेळ आणि तेव्हाची निजण्याची ढब. आकृतीचं वर्णन शेवटी, हवं असेल तर. दोन आठवड्यांत बहुधा चित्र दिसू लागतं. झोप लागताना होणारे प्रकार एका प्रकारच्या रात्रींनंतर येतात, पहाटेचे दुसऱ्या. रात्र जसजशी सरते तसतसे रेमचे टप्पे लांबतात, म्हणून पहाट तशीही धोक्याची. पण झोप लागता लागताच झालं, तर रेम अवेळी, सुरुवातीलाच आली असं समजायचं. जागरणं, पाळ्या बदलणं, तुकड्यातुकड्यांची झोप यांनी ती अशी पुढे येते. जपानमधल्या संशोधकांनी १९९२ मध्ये प्रयोगशाळेत हेच घडवून आणलं. निवडक लोकांना झोपेतून मध्येच उठवलं, काही वेळ जागं ठेवलं, मग पुन्हा झोपू दिलं. झोप लागताच रेम सुरू झाली आणि त्यांतल्या काही वेळा स्लीप पॅरालिसिसही झाला. गजर पुढे ढकलत पहाटे तीनतीनदा झोपणारे हाच प्रयोग रोज घरी करत असतात.

कुशीवर झोपायचं ठरवणं सोपं, टिकणं अवघड. झोपताना कुशीवर असलेला माणूस रात्रीतून उताणा होतोच. पाठीशी लांब उशी किंवा गुंडाळलेली चादर घट्ट लावली तर फरक पडतो. दारूने रात्रीच्या पहिल्या भागात रेम दबते आणि उत्तररात्री उसळून येते, म्हणून ‘झोप यावी म्हणून थोडी’ हा हिशेब उलटा पडतो. नैराश्यावरची अनेक औषधं रेम दाबतात. ती मनानेच अचानक बंद केली की रेम अशीच उसळते आणि नेमकं तेव्हा भूत पुन्हा घरी येतं. माणूस म्हणतो, औषध सोडलं आणि त्याने गाठलंच. बंद करायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

आता भुताचा प्रश्न. याच्याभोवती तीन प्रकारची माणसं असतात. एक म्हणतो, ती दुष्ट शक्ती आहे. दुसरा म्हणतो, हा मेंदूचा खेळ आहे. तिसरा दोन्ही म्हणतो : शरीर लुळं पडतं ते रेममुळे, पण त्या उघड्या दारातून जे आत येतं ते खरं आहे. या तिसऱ्याला दोन्ही बाजू मोजत नाहीत. प्रत्यक्षात बरीच माणसं थोड्याफार फरकाने तिसरीच असतात, रात्री एक आणि दिवसा दुसरं मानणारी.

अमेरिकन लोकसाहित्याचे अभ्यासक डेव्हिड हफर्ड यांनी न्यूफाउंडलंडमधल्या म्हातारीचा माग काढताना एक गोष्ट दाखवून दिली. ज्यांनी अशा म्हातारीबद्दल कधी काही ऐकलेलं नव्हतं, तेही तेच सांगत : जाग, लुळेपणा, पावलं, छातीवर भार. म्हणजे गोष्ट ऐकून अनुभव येतो असं नाही. अनुभव आधी, गोष्ट नंतर. गंमत अशी की दोन्ही बाजू हाच निष्कर्ष आपल्या झेंड्याखाली नेतात. श्रद्धाळू म्हणतो, सगळ्या जगाला तेच दिसतं म्हणजे ते आहे. संशोधक म्हणतो, सगळ्या जगाच्या मेंदूचा बुंधा सारखाच आहे. अनुभव स्वतःहून यांच्यातला वाद मिटवत नाही. मिटवतो असं वाटणाऱ्याने आपलं उत्तर आधीच ठरवलेलं असतं.

श्रद्धेने अनुभव जन्माला येत नसेल, पण त्याची लांबी-रुंदी बदलते असं दिसतं. इजिप्त आणि डेन्मार्कमधल्या लोकांची तुलना २०१३ मध्ये झाली. जिन्नासारख्या अलौकिक कारणांवर बोट ठेवणारे इजिप्तमध्ये जास्त होते, आणि तिथे या प्रकारात मरण येईल ही भीतीही जास्त, लुळेपणही जास्त वेळ. साखळी समजायला कठीण नाही. आज रात्री तो येईल या धास्तीने झोप उशिरा लागते, सारखी मोडते, मोडलेल्या झोपेत रेम विस्कळीत होते आणि तो येतो.

यावरून ‘श्रद्धा सोडा’ हा निष्कर्ष काढणाऱ्यांची घाई मला पटत नाही. श्रद्धेत काय भरलेलं आहे त्यावर अवलंबून असतं. ‘तो जीव घेतो’ ही श्रद्धा आणि ‘देवाच्या राखणीत असलेल्याला तो काही करू शकत नाही’ ही श्रद्धा, दोन्हींत भूत आहे. पहिली जागं ठेवते, दुसरी झोपवते. म्हणून उपायाची परीक्षा तो कुठल्या धर्मातला यावर न करता तो झोपेचं काय करतो यावर करावी. रोजची छोटी प्रार्थना, लयीत म्हटलेलं नाव, लहानपणापासून पाठ असलेली ओळ : हे जलालांच्या तिसऱ्या पायरीचंच काम करतात, आणि घोटलेलं असल्यामुळे ऐन वेळी आठवतातही. उशाशी ठेवलेल्या ताइताने कुणाला निवांत झोप लागत असेल, तर तो काढून घेऊन कुणाचं भलं होणार आहे? पण रात्रभर जागून करायचा विधी, मध्यरात्री उठून करायची राखण, घरातल्यांनी आळीपाळीने पहारा देणं, हे उपाय त्या माणसाची झोपच खातात आणि ज्याला हाकलायचं त्यालाच आमंत्रण देतात.

तीच प्रार्थना दोन तऱ्हांनी वापरली जाते हेही पाहण्यासारखं आहे. एक जण मनाशी पुटपुटत राहतो, आकृतीकडे पाहतही नाही. दुसरा तेच शब्द शस्त्रासारखे फेकतो : जा, निघ, माझ्या देवाच्या नावाने चालता हो. शब्द पवित्र असले तरी ते भांडण आहे, आणि भांडणाला समोर शत्रू लागतो. नास्तिकाची अवस्था वेगळी नाही. ‘तू खरा नाहीस, तू फक्त माझा मेंदू आहेस’ असं आकृतीला ठणकावून सांगणारा तिच्याशी तितकाच गुंतलेला असतो.

श्रेय कुणाला द्यायचं, यातही दोघे सारखेच फसतात. हे प्रकार झुंडीने येतात. आठवडाभर रोज, मग कित्येक महिने काहीच नाही. माणूस उपाय शोधायला निघतो तो झुंड ऐन भरात असताना. मांत्रिक गाठला, उशी बदलली किंवा गोळी सुरू केली, यांतलं काहीही केलं तरी पुढचा काळ ओसरण्याचाच असतो, आणि श्रेय शेवटच्या उपायाला जातं. पाठीशी लावलेल्या उशीलाही हा नियम लागू आहे. वही असली तर निदान आधी आणि नंतर ताडून पाहता येतं.

घरातल्या कुणी सकाळी येऊन ‘माझ्या छातीवर कुणीतरी बसलं होतं’ असं सांगितलं, तर ‘भास झाला असेल’ हे उत्तर निरुपयोगी आहे. त्याने पाहिलंय. ‘होय, दिसतं तसं, पुष्कळांना दिसतं’ इथून सुरुवात करावी आणि मग विचारावं : किती वाजता? उताणा होतास का? काल किती झोपलास? भूत आहे की नाही हे न ठरवताही या तीन प्रश्नांची उत्तरं मिळतात, आणि पुढचं बरंचसं त्यांवरच अवलंबून असतं.

काही गोष्टींसाठी वही पुरत नाही, डॉक्टर हवा. पुरेशी झोप होऊनही दिवसा आवरत नाही अशी झोप येते, हसताना किंवा चिडताना गुडघे लटपटतात, हातातली वस्तू गळते : ही नार्कोलेप्सीची लक्षणं आहेत. तिच्यासाठी रात्रभराच्या झोपेच्या तपासणीनंतर दिवसा दोन-दोन तासांच्या अंतराने चार-पाच डुलक्यांची चाचणी करतात. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि दोन किंवा अधिक वेळा सुरुवातीलाच रेम आली, तर निदान त्या दिशेने जातं. मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास थांबणं असेल, तर तेही तपासून घ्यावं. जीभ चावली गेली, कपडे ओले झाले, उठल्यावर बराच वेळ भान नव्हतं, तर फिट आली होती का हे पाहायला हवं. जाग आल्यावर लुळेपणा तासन्‌तास टिकला, किंवा शरीराची एकच बाजू गेली, तर तो स्लीप पॅरालिसिस नाही. तिथे वेळ घालवू नये.

बाकीच्यांची वही मात्र वाचण्यासारखी होत जाते. पहिल्या आठवड्यात पानभर मजकूर असतो, आकृतीची उंची, टोपी, श्वासाचा वास, सगळं. महिन्याभराने नोंद एका ओळीवर येते : पहाटे साडेचार, उताणा, दाराशी तोच. कूस बदलली. पुढचं सकाळी सात.